गच्चीवरचे चाळीस रहिवासी

आमच्या सासूबाईंना टोमॅटो हवा होता. बाजारातला नको, झाडावरचा. तोडताना हाताला उन्हाची ऊब लागणारा. एवढ्या साध्या इच्छेपायी चाळीस जणांना एका खोलीत कोंबल्याचा ठपका माझ्यासारख्या निवृत्त मास्तरावर यावा, याला दैव म्हणायचं की कचेरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं एल आल्तो शहर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर आहे, हे वाक्य मी एकतीस वर्षं सातवीच्या मुलांकडून घोकून घेतलं. इथे बटाटा येतो, जव येतात. टोमॅटो येत नाही, कारण रात्री बादलीतलं पाणीसुद्धा गोठतं. हे शिकवताना मला कधी वाईट वाटलं नाही. टोमॅटो खालच्या खोऱ्यातून ट्रकने येत होते आणि पगार वेळेवर येत होता. तक्रारीला जागा नव्हती.

सासूबाई त्याच खालच्या खोऱ्यातल्या, कारानावीच्या. तिथे केळी आणि पपया कुंपणाला लागतात. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून आल्या, त्याला चार वर्षं झाली. अंगावर एकावर एक चार शाली, डोक्याला लोकरी टोपी, वर हॅट. चार वर्षांत मी त्यांचं नाक आणि दहा बोटं एवढंच काय ते पाहिलं होतं. त्यांचा मुलगा फोर्तुनातो, म्हणजे माझा मेहुणा, दर वर्षी कार्निव्हलला टोमॅटोची पेटी घेऊन वर येतो. एकेक टोमॅटो एवढा, की वाटावं याला शाळेत घालावं. यंदा पेटी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे बटाटा आणि खोकला सोडून काही पिकत नाही. आई सुकत चाललीय इथे. नोव्हेंबरात पितरांच्या सणाला येईन, तेव्हा तिला घेऊनच जाईन."

बायको, ओबदुलिया, ताटं धुवायला लागली. तिने एकच ताट तीनदा धुतलं. सासूबाईंनी पेटीतला एक टोमॅटो चाखला आणि एवढंच म्हणाल्या, की हासुद्धा माझ्यासारखाच बसने आठ तास हिंदकळत आलाय, याच्यात आता काय राहिलं असणार.

सासू जातेय म्हटल्यावर जावयाने मनातल्या मनात फटाके लावायचे असतात. मीही लावून पाहिले, वाजेनात. त्याचं कारण असं, की दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघं फासे खेळतो आणि सासूबाई लबाडी करतात. शाल सारखी करायच्या निमित्ताने फासा उलटवतात. निवृत्तीनंतर मला भेटायला येणारी सगळी माणसं इतकी प्रामाणिक आणि कंटाळवाणी होती, की या बाईंनी खोऱ्यात निघून जावं ही कल्पना मला सहन होईना. पण असं काही जावयाने तोंडाने बोलायचं नसतं. म्हणून मी जेवताना जाहीर केलं, की आपण गच्चीवर टोमॅटो लावू.

"तुम्हीच तर सांगायचात, इथे येत नाही म्हणून," ओबदुलिया म्हणाली.

मी म्हणालो, ते पुस्तकातलं झालं.

आमच्या गल्लीत कोणी भिंतीला खिळा ठोकला तरी कासिमिरो कोंदोरी विचारायला येतात. ते गल्लीच्या समितीचे अध्यक्ष आहेत आणि गवंडीही आहेत. म्हणजे बांधकामाला हरकतही तेच घेतात आणि बांधकामही तेच करतात, त्यामुळे आमच्याकडे कामं फार रखडत नाहीत. त्यांनी गच्ची पाहिली. पुढच्या मजल्यासाठी म्हणून वर काढून ठेवलेल्या सळया बावीस वर्षं गंजत होत्या, त्यांना त्यांनी ओळखीच्या माणसाची विचारपूस करावी तसा हात लावला. मग म्हणाले, तीन बाजूंना मातीच्या विटांची भिंत, उन्हाच्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे, उतरतं जाड प्लास्टिक, आत काळे रंगवलेले पाण्याचे चार पिंप. दिवसभर पिंप तापतात, रात्रभर ऊब सोडतात. टोमॅटोला वाटतं आपण खोऱ्यातच आहोत. मास्तर, झाडाला फसवणं सोपं असतं, असंही म्हणाले.

पण आधी पाचामामेला, म्हणजे धरतीमातेला, तिचा मान द्यायला हवा होता. विटेवर वीट ठेवायच्या आधी तिला दारू शिंपडायची, कोकाची पानं ठेवायची, रंगीत कागदाचे कपटे उधळायचे. मी विज्ञानाचा माणूस. मी विचारलं, गच्ची पहिल्या मजल्याच्या वर आहे, माता इतक्या वर येते का? माझी कल्पना अशी, की हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. कासिमिरोंनी शांतपणे मातीचं एक पोतं वर आणवलं आणि म्हणाले, आता आली. पोत्यावर थोडी दारू शिंपडली आणि बरीचशी आम्ही प्यालो. शेजारच्या बासिलिया काकूंनी पाहून सांगितलं, की पोतं फार लहान आहे, मातेला वाटेल मास्तर चिक्कू आहे. त्या विधवा आहेत, लोकरीच्या टोप्या विणून विकतात, आणि त्यांचं मत त्यांना कोणी विचारावं लागत नाही.

आता परवानगी. कासिमिरोंचा शिक्का गल्लीपुरता. भिंत म्हटली की वॉर्डाच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. तिथल्या अर्जात बांधकामाचा उपयोग लिहायला तीन चौकोन होते: राहण्यासाठी, दुकान, गोदाम. मी खिडकीतल्या गृहस्थांना नम्रपणे विचारलं, की टोमॅटो यांपैकी कशात बसतो. त्यांनी विचारलं, विकणार का? नाही. साठवणार का? नाही. मग तिथे ते काय करणार? मी म्हणालो, वाढणार. "म्हणजे राहणार," ते म्हणाले आणि त्यांनी पहिल्या चौकोनावर फुली मारली. पुढचा रकाना होता रहिवाशांची संख्या. मी सरळ माणूस, शिवाय मागे रांग खोळंबली होती. मी सांगितलं, रोपं चाळीस लावणार आहे. त्यांनी चाळीस लिहिलं.

हा आकडा दुसऱ्या खिडकीत गेला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीन मीटर बाय पाच मीटरच्या खोलीत चाळीस जण? संडास दाखवलेला नाही. मी म्हणालो, त्यांना लागत नाही. त्या बाईंच्या नजरेत माझ्याबद्दल जो भाव आला, तो एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर मला पाहावा लागला. मी टोमॅटोचा खुलासा केला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि सांगितलं, की कागदावर टोमॅटो हा शब्द कुठेही नाही, तपासणी होईल.

तपासणी कधी होणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि नोव्हेंबर काही कचेरीसाठी थांबणार नव्हता. कासिमिरोंनी जूनच्या आत भिंती उभ्या केल्या. मी पठारावरून ल्यामा नावाच्या लोकरी जनावरांच्या लेंड्यांची सहा पोती खत म्हणून आणली. मिनीबसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. रोपं लावली. जून म्हणजे आमचा ऐन हिवाळा, दात दातावर ठरत नाहीत. म्हणून मी प्लास्टिकच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दार घट्ट लावलं आणि समाधानाने जेवून झोपलो. दुपारी चारला वर जाऊन पाहतो तर आत पारा पन्नासाला टेकलेला. आमच्याकडचं ऊन विरळ हवेतून थेट येतं; सावलीत माणूस गोठतो आणि उन्हात भाजतो. हेसुद्धा मी सातवीला शिकवायचो. चाळीसच्या चाळीस रोपं वाकून पडली होती.

बासिलिया काकूंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "मास्तर, मीठ घालून उतरवा आता," त्या म्हणाल्या, "शिजलंय."

नवी रोपं लावली. आता कळलं होतं, की दार दहाला उघडायचं, तीनला लावायचं, मध्ये ऊन पाहून कमीजास्त करायचं. पण दुपारची झोप हे माझं निवृत्तीनंतरचं एकमेव नियमित कार्य. ओबदुलिया दुपारी चर्चच्या शिवणवर्गाला जाते. उरल्या सासूबाई. त्यांना जिन्यावरून धरून वर नेलं, आत स्टूलवर बसवलं आणि दाराची दोरी हातात दिली. त्या दिवशी कमालीची थंडी होती. मी खाली येऊन पडलो.

तीन वाजता ओबदुलियाची हाक ऐकू आली. मी धावत वर गेलो. सासूबाई ठीक होत्या. त्या स्टूलवर बसून रोपांना काहीतरी दटावत होत्या. चारही शाली घडी करून पिंपावर ठेवल्या होत्या आणि बाह्या वर सारल्या होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा मला सासूबाईंची कोपरं दिसली. चांगली धडधाकट कोपरं होती. ओबदुलिया दारात उभी राहून आईच्या दंडांकडे बघत होती आणि तिला खाली येऊन चहा ठेवायचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या नाश्ता झाला की वर जात. फासे वरच खेळायचे असं ठरलं. उघड्या दंडांनी लबाडी करणं कठीण, असं मला वाटलं होतं; त्यांनी पिंपामागे फासा पाडण्याची नवी पद्धत काढली.

उबदार जागेची बातमी आमच्या गल्लीत जितकी वेगाने पसरते तितकी मरणाचीही पसरत नाही. आधी बासिलिया काकू विणकाम घेऊन आल्या, कारण थंडीत बोटं चालत नाहीत. मग त्यांनी पावाची कणीक फुगवायला आणली. कासिमिरो भिंतीला तडा गेलाय का बघायला आले आणि खुर्ची घेऊन आले. तडा सापडला नाही म्हणून रोज येऊ लागले. कोणाचा संधिवात, कोणाचे ओले मोजे, कोणाची बाळंतीण सून. ऑगस्टात मी आत शिरायचो तेव्हा लोक मला म्हणत, "या मास्तर, दार लावा पटकन," आणि बसायला जागा नसे. मी उभ्या उभ्या रोपांना पाणी घालायचो आणि कोणीतरी पाय वर घ्यायचं. झारीचं पाणी मोज्यावर पडलं तर माफी मी मागायचो.

एकदा बासिलिया काकूंनी आपले सहा गिनीपिग आणले. त्यांना सर्दी झाली होती. टोपली कोपऱ्यात ठेवून त्या टोपीचे टाके मोजायला लागल्या. सासूबाई फाशांत गुंतल्या होत्या आणि, हे कबूल करायला हवं, मीही. खेळ संपेपर्यंत सहाही गिनीपिगांची सर्दी बरी झाली होती आणि माझी छत्तीस रोपं गेली होती. उरली चार, तीही पिंपाच्या मागे होती म्हणून. काकूंना फार वाईट वाटलं. रविवारी त्यांनी त्यातला सगळ्यात लठ्ठ भाजून आमच्याकडे पाठवला. मी तो खाल्ला. एका अर्थी माझंच पीक मी घरी आणलं.

सप्टेंबरात कचेरीचं पत्र आलं. तपासणीला येत आहोत. तत्पूर्वी सदर खोलीत कोणीही मनुष्यप्राणी राहत नाही असं वकिलासमोर लिहून द्यावं. मी लिहून दिलं. अंतःकरणपूर्वक दिलं. आणि गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, की मंगळवारी सकाळी कोणीही वर यायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मंगळवारी सकाळी बर्फाळ वारा सुटला.

इंजिनियर बाई आल्या. चाळिशीच्या, जाड कोट, हातात फाइल. मी त्यांना जिन्यावरून नेताना वनस्पतींच्या श्वसनाबद्दल बोलत होतो. दार त्यांनीच उघडलं.

आत सासूबाई गादीवर आडव्या होऊन घोरत होत्या. गादी कोणी आणली मला आजही माहीत नाही. कासिमिरो तोंडाला साबण लावून दाढी करत होते. बासिलिया काकू विणत होत्या, कणीक फुगत होती, बाळंतीण बाळाला पाजत होती आणि दोरीवर सतरा मोजे वाळत होते. एकूण अकरा माणसं, एक गादी, एक स्टोव्ह, त्यावर आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गोड पेय, उकळत होतं. चार टोमॅटोंपैकी एकही पटकन नजरेस पडत नव्हता.

इंजिनियर बाईंनी माझं प्रतिज्ञापत्र काढून पुन्हा वाचलं, खालचं लिमाची हे माझं आडनावही. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "लिमाची सर ना? मी सेनोबिया युखरा. सातवी ब."

विद्यार्थी भेटला की मास्तरची छाती फुगते. माझी त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. मला ही मुलगी आठवेना. तिला मी आठवत होतो, फार बारकाईने. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, एल आल्तोत टोमॅटो का येत नाही. तिने उत्तर लिहिलं होतं: येईल, कोणी उन्हाकडे तोंड करून भिंत बांधली तर.

"किती मार्क दिले होते यांनी?" सासूबाईंनी गादीवरून विचारलं. घोरणं कधी थांबलं कळलं नव्हतं.

"शून्य. आणि खाली लाल शाईने लिहिलं होतं, कल्पनाशक्ती घरी ठेवून यावे."

कासिमिरोंनी अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं. अकरा माणसांनी तशाच नजरेने पाहिलं. मला वाटलं, त्या दुसऱ्या खिडकीतल्या बाई बऱ्या होत्या.

मी म्हणालो, "चूक माझी होती, बाळ." एवढं म्हणायला एकतीस वर्षांत मला कधी जमलं नव्हतं, हे तेव्हाच लक्षात आलं.

सेनोबियाबाईंनी कोट काढला. काढावाच लागला, आत उकडत होतं. काकूंनी जागा करून दिली, आपीचा पेला हातात दिला. त्यांनी पिंप किती लिटरचे विचारलं, भिंतीची जाडी मोजली, टोमॅटोची चार रोपं शोधून काढली आणि त्यांना पिवळी फुलं लागलेली मलाच दाखवली. मग फाइल उघडून मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं. "इथे लिहा सर. तारीख घालून."

मी लिहिलं: युखरा सेनोबिया, सातवी ब, उत्तर बरोबर आहे. लाल पेन नव्हतं, काकूंनी दुकानातून आणवलं. सही केली. सेनोबियाबाईंनी अर्ज उलटा केला. अर्जाच्या पाठीवर, जिथे कोणी कधी पाहत नाही, तिथे चौथा चौकोन होता: इतर. त्यावर त्यांनी फुली मारली आणि समोर लिहिलं, "बसण्याची जागा व भाजी." पुढे बाई दर मंगळवारी येऊ लागल्या. कोट दारातच काढतात.

ऑक्टोबरात चार झाडांना मिळून सात टोमॅटो धरले, हिरवे, आवळ्याएवढे. त्याच सुमारास एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं आणि गारा आल्या. आमच्याकडच्या गारा म्हणजे कोणीतरी वरून खडीचा ट्रक ओततंय असंच वाटतं. पहिल्या गारेने प्लास्टिकला भोक पडलं. मी हॅट घालून बाहेर पळालो आणि तिथे उभा राहिलो, काय करायचं ते न सुचता. हॅटवर ताडताड वाजत होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी लाल उडत गेलं आणि प्लास्टिकवर पसरलं. शाल होती. मागून दुसरी आली. सासूबाई दारात उभ्या होत्या, पातळ पोलक्यात, गारांच्या माऱ्यात, आणि एकेक शाल कासिमिरोंकडे भिरकावत होत्या. मग काकूंची घोंगडी, सुनेची दुपटी, कोणाचा तरी पलंगपोस. अकरा जणांनी अंगावरचं सगळं काढून छपरावर घातलं आणि कडा धरून उभे राहिले, दहा मिनिटं, दात वाजत.

"आई, आत व्हा," मी ओरडलो.

"तुम्ही कोपरा धरा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

गारा थांबल्यावर मोजलं. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात तीन भोकं, चार टोमॅटो खाली. उरले तीन. कासिमिरोंचं म्हणणं, पोतं लहान होतं म्हणून मातेने तेवढाच भाग सांभाळला. ओबदुलियाने आईचे गारठलेले हात आपल्या काखेत घेतले होते आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी फोर्तुनातो आला. खोऱ्यातल्या सुती शर्टात आला, ओठ निळे, खांद्यावर पेटी. आई कुठे आहे विचारलं. वर आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. गच्चीवर, या थंडीत, म्हातारीला. तो दोन दोन पायऱ्या चढत गेला, मी मागे, ओबदुलिया माझ्या मागे. तिने आईची ट्रंक सकाळीच काढून झटकून ठेवली होती. मला न सांगता.

दार उघडून तो उभाच राहिला. सासूबाई बाह्या सारून सणासाठीच्या पावाची बाहुली वळत होत्या आणि काकूंना सांगत होत्या, की बाहुलीला नाक असं नसतं. लेकाकडे पाहून म्हणाल्या, "आत ये, नाहीतर बाहेर हो. दार उघडं ठेवून उभा राहू नकोस."

तो आत बसला. अर्ध्या तासाने त्याचे ओठ माणसासारखे झाले. पेटी दारातच राहिली. ती उघडायचं कोणाला सुचलं नाही. सासूबाईंनी पिंपामागे हात घालून तिन्ही टोमॅटो तोडले. मेहुण्याच्या टोमॅटोंसमोर ते म्हणजे गोट्या. पण लाल होते, देठापर्यंत लाल, आणि उन्हाने गरम. मी हात लावून पाहिला. त्यांनी ते चाकूने इतके पातळ कापले, की चौदा जणांना एकेक फोड आली, आणि वर मीठ घातलं. कोणी घाई केली नाही. फोर्तुनातोने फोड जिभेवर ठेवली, बराच वेळ चघळली आणि म्हणाला, "मीठ थोडं जास्त झालंय." त्याला ओळखणाऱ्या माणसाला कळावं, की ही हार आहे.

मग त्याने घसा साफ केला. "आई, परवाच्या बसची दोन तिकिटं काढलीत."

ओबदुलिया दोरीवरचे मोजे काढायला लागली. वाळले नव्हते तरी.

सासूबाईंनी बाहुलीच्या डोळ्याच्या जागी मनुका दाबली. दुसरी दाबली. "मी नाही येत रे," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे फार उकडतं."

एक तिकीट परत केलं. निघताना फोर्तुनातोने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, की हे प्लास्टिक कुठे मिळतं. मी म्हणालो, खोऱ्यात तुला कशाला. तर म्हणे, बसायला. त्याची बस सुटल्यावर आम्ही परत आलो आणि मी वर गेलो. पेटीतल्या टोमॅटोंचं सार स्टोव्हवर रटरटत होतं. काकूंचं मत पडलं होतं, की दिसायला मोठे, पण पाणचट. तिथे नेहमीसारखीच गर्दी होती, एक खुर्ची रिकामी नव्हती. एका स्टूलवर तेवढी एक कुंडी होती, डिसेंबरसाठी नुकत्याच लावलेल्या रोपाची. मी दारात घुटमळलो.

सासूबाईंनी मान वर न करता ती कुंडी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.